पैसे होते की, ताई

दहावी-बारावीचे निकाल लागले की पुढचे दोन-तीन महिने पुण्यात परगावचे बाप ओळखू येतात. वाकडेवाडीला नाहीतर स्वारगेटला एसटीतून उतरलेले, काखेत प्लॅस्टिकची फाइल, बरोबर मुलगा किंवा मुलगी. बाप रस्ता विचारतो, मूल मोबाइलमध्ये बघत असतं. कॉलेजच्या फाटकाशी येऊन आधी रखवालदाराला नमस्कार करतात आणि मग विचारतात, "ॲडमिशनचं कुठं बघायचं?"

मी पुण्यातल्या एका महाविद्यालयाच्या कार्यालयात होते, नोकरीचा बराचसा काळ फी विभागात. त्यामुळे ही माणसं मला काउंटरच्या आतून, हातभर अंतरावरून दिसली. त्यांच्या फाइलीत काय काय असतं ते अजून तोंडपाठ आहे. शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाइल, जातीचा दाखला, जातवैधतेची म्हणजे व्हॅलिडिटी, नॉन क्रिमिलेअर, आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. या शेवटच्या कागदासाठी तलाठ्याकडे आणि सेतू केंद्रात हेलपाटे घालावे लागतात. हे सगळं जमवून, सीईटी देऊन, ऑप्शन फॉर्म भरून, राऊंडमध्ये नंबर लागून एखाद्या मुलाची जागा केवळ फी वेळेत भरली गेली नाही म्हणून गेली, तर आपल्याकडे त्याचा निकाल एका वाक्यात लागतो. 'मुदत माहीत होती ना?'

होती. मुदत सगळ्यांना माहीत असते. माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे.

काही वर्षांपूर्वी, तेव्हा मी अजून नोकरीत होते, जुन्नर तालुक्यातल्या माझ्या माहेरच्या गावचे एक शेतकरी संध्याकाळी मुलाला घेऊन धनकवडीला आमच्या घरी आले. येण्याआधी फोन नव्हता. चहा नको म्हणाले. दिवसभरात काय झालं ते मग हळूहळू कळलं. थोडं बापाने सांगितलं, थोडं मुलाने.

यादी लागली तेव्हा मुलाला पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात पहिल्या पसंतीची ब्रँच मिळाली होती. पहिली पसंती मिळाली की जागा आपोआप फ्रीझ होते, पुढच्या राऊंडचं दार बंद होतं. सीट स्वीकारायचे हजार रुपये मित्राच्या फोनवरून भरून झाले होते. आता ठरलेल्या दिवशी पाचच्या आत कॉलेजात कागद दाखवायचे आणि फी भरायची. सवलत धरून त्यांच्या वाट्याला बासष्ट हजारांच्या आसपास येत होते.

बासष्ट हजार घरात नव्हते, पण ते उभे कसे करायचे हे घरात माहीत होतं. बराखीत कांदा होता, भाव चढेल म्हणून राखून ठेवलेला. तो मिळेल त्या भावाने काढला. तरी कमी पडले, तेव्हा बायकोच्या पाटल्या पतसंस्थेत तारण ठेवल्या. मधे एक सुटी आली. पैसे पुरे झाले ते शेवटच्या दिवसाच्या आदल्या रात्री. पहाटे उठून निघाले, चाकणला वाहतूक तुंबलेली, कॉलेजात पोचेपर्यंत दुपार झाली. कागद तपासायची रांग. ती सरून फीच्या काउंटरवर पैसे पुढे केले तर उत्तर मिळालं, "कॅश घेत नाही. डीडी आणा, नाहीतर ऑनलाइन भरा."

शेजारच्या बँकेत गेले. पन्नास हजार किंवा त्याहून जास्त रकमेचा डीडी रोखीवर मिळत नाही, तो खात्यातून किंवा चेकवरच काढावा लागतो. हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, त्या शाखेने काही अडवणूक केली नाही. बापाचं खातं गावच्या पतसंस्थेत. मुलाचं शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं खातं दुसऱ्या बँकेत. तिची शाखा शोधत रिक्षाने गेले तर रोख घ्यायची वेळ टळलेली. परत कॉलेजात. तिथे एका दुसऱ्या मुलाच्या मोठ्या भावाने यांची धावपळ बघितली आणि आपण होऊन म्हणाला, "काका, रोख माझ्याकडे द्या, मी फोनवरून भरतो." ना ओळख ना पाळख. पण त्याने सकाळी आपल्या भावाची फी त्याच फोनवरून भरली होती आणि यूपीआयची तेव्हाची दिवसाची एक लाखाची मर्यादा आड आली. त्याने मित्राला फोन लावला. मित्राने उचलून माहिती विचारेपर्यंत पाच वाजून गेले.

काउंटरवरच्या क्लार्कने वाईट वागणूक दिली नाही, हे दोघांनीही आवर्जून सांगितलं. त्याने कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे वळवून दाखवला. मुलाचं नाव होतं, पण प्रवेश निश्चित करायचं बटण आता दाबलं जात नव्हतं. "माझ्या हातात असतं तर केलं असतं," तो म्हणाला. मी त्याच खुर्चीत वर्षानुवर्षं बसले आहे. तो खरंच सांगत होता.

मग बापाने खताच्या दुकानाची पिशवी आमच्या जेवणाच्या टेबलावर ठेवली. आत धुतलेल्या फडक्याची पुरचुंडी. पाचशेच्या नोटांच्या गड्ड्या, काही दोनशेच्या, प्रत्येकीला रबर, आणि एका गड्डीत घडी घालून ठेवलेली आडत्याची कांद्याची पट्टी. त्यावर पेनने लिहिलेलं वजन, हमाली, तोलाई वजा करून उरलेली रक्कम. नोटांना कांद्याचा वास येत होता. त्यांनी त्या माझ्यापुढे सरकवल्या, जणू मी मोजून घेतल्या तर अजून काही होईल.

"ताई, पैसं तर हायेत की. मग कमी काय पडलं?"

दुपारीच मला फोन का केला नाही, असं मी विचारलं. ते म्हणाले, "पैसं जवळ आसताना तुमाला कशाला तोशीस द्यायची?" हातात पैसे असणं म्हणजे काम झालंच, असं त्यांना वाटत होतं. आणि आयुष्यभर ज्या बाजारात ते वावरले तिथे ते खरंच होतं.

पुढे काय झालं तेही सांगते. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतल्या पुढच्या राऊंडला त्याला बसता येत नव्हतं. कॉलेजने आपल्या पातळीवर भरायच्या जागा होत्या, पण मुलांना निम्मी फी माफ करणारी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती केंद्रीय प्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्यांनाच मिळते. म्हणजे त्या संध्याकाळी पाच वाजता एकट्या जागेवर पाणी पडलं नाही, चार वर्षांची निम्मी फीही गेली. पूर्ण फी त्या घराला झेपणारी नव्हती. मुलगा घराजवळच्या कॉलेजात बीएस्सीला गेला. शिकला, आता चाकणच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. 'लागला ना मार्गाला?' असं लोक म्हणतात. लागला, आणि त्याच्या मेहनतीने लागला. पण जे त्याने मिळवलं होतं ते त्याच्याकडून काढून घेतलं गेलं, आणि ते काढून घेण्याइतकं त्याने काहीही केलेलं नव्हतं. या दोन गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत.

त्या दिवसाचा मी नंतर पुष्कळ विचार केला. आड आलेला एकेक नियम वेगळा काढून बघितला तर चुकीचा एकही नाही. मोठा डीडी रोखीवर न देणं काळ्या पैशाला आळा घालण्यासाठी. कॉलेजने रोख न घेणं हिशेब स्वच्छ राहावा, डोनेशनचे आरोप होऊ नयेत म्हणून; आमच्याकडे रोखीचा काउंटर बंद झाला तेव्हा मला बरंच वाटलं होतं. यूपीआयची मर्यादा फसवणुकीपासून राखण्यासाठी. मुलाच्या खात्यात पैसे भरले गेले असते तरी पुढे आणखी दोन दारं होती. ज्या कार्डाने कधी ऑनलाइन व्यवहार केलेला नाही, त्यावरची ती सोय २०२० पासून बंद ठेवतात, आपण मागून घेतल्याशिवाय ती चालू होत नाही. आणि फोनवर यूपीआय नव्यानेच सुरू केलं तर पहिल्या चोवीस तासांत पाच हजारांपलीकडे पाठवता येत नाहीत. हेही सगळं आपल्याच भल्याचं. पण हे नियम आखताना डोळ्यांपुढे जो माणूस होता त्याच्या खात्यात पैसे आधीपासून आहेत, कार्ड वापरात आहे, फोन जुना आहे. अशा माणसाला मुदत पुरते. त्याला खरं तर दहा मिनिटंही पुरतात.

मर्यादा बदलता येत नाहीत असंही नाही. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२३ मध्ये दवाखाने आणि शिक्षणसंस्थांसाठी यूपीआयची मर्यादा एका लाखावरून पाच लाखांवर नेली. कुणीतरी अडचण ओळखली, नियम हलला. चांगलं झालं. पण ती अडचण ज्यांच्या खात्यात पाच लाख आहेत त्यांची होती.

उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या टिटोरा गावच्या अतुल कुमारचं प्रकरण २०२४ मध्ये पेपरात आलं तेव्हा मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. दलित कुटुंबातला मुलगा, वडील रोजंदारीवर. धनबादच्या आयआयटीत इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची जागा मिळालेली. भरायचे होते १७,५०० रुपये, मुदत २४ जूनला संध्याकाळी पाचची. गावातल्या लोकांकडून पैसे गोळा करेपर्यंत पोर्टल बंद झालं. अनुसूचित जाती आयोग, झारखंडचं विधी सेवा प्राधिकरण, मद्रास उच्च न्यायालय असं करत तो सर्वोच्च न्यायालयात पोचला. आयआयटीच्या प्रवेशाची जेईई ॲडव्हान्स्ड ही परीक्षा दोनदाच देता येते आणि त्याची दुसरी संधी संपलेली होती. ३० सप्टेंबर २०२४ ला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. मनोज मिश्रा यांच्या खंडपीठाने राज्यघटनेच्या १४२ व्या कलमाखालचा आपला अधिकार वापरून त्याला त्याच वर्षी, त्याच शाखेत जागा द्यायला सांगितलं. कुणाची जागा काढून नाही. जास्तीची जागा निर्माण करून. सुनावणी संपताना सरन्यायाधीश त्याला म्हणाले, "ऑल द बेस्ट. अच्छा करिए."

त्याआधी नोव्हेंबर २०२१ मध्ये असंच झालं होतं. प्रिन्स जयबीर सिंग नावाच्या मुलाला मुंबईच्या आयआयटीत जागा मिळाली होती, तांत्रिक अडचणीत फी भरली गेली नाही. मुंबई उच्च न्यायालयात दाद लागली नाही. सर्वोच्च न्यायालयाने ४८ तासांत जागा उपलब्ध करून द्यायला सांगितलं, तेही १४२ खालीच.

हे दोन निकाल वाचून मला आनंद झाला, पण काळजी त्याहून जास्त वाटली. १४२ वं कलम पूर्ण न्याय करण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाला दिलेला विशेष अधिकार आहे. १७,५०० रुपये काही वेळ उशिरा आले, त्यावर उपाय करायला देशातलं सर्वात मोठं न्यायालय आणि त्याचा सर्वात मोठा अधिकार लागावा? माझ्या माहेरच्या त्या माणसाला दिल्ली सोडा, कॉलेजच्या प्राचार्यांच्या खोलीतही जायचं धाडस झालं नव्हतं. असे किती बाप पाच वाजता पिशवी काखेला मारून एसटी पकडत असतील, त्यांची कुठे नोंद नाही. पोर्टलवर त्यांच्यापुढे एवढंच लिहिलं जातं, की उमेदवार हजर झाला नाही.

आमच्या वेळी बरं होतं, असं मी म्हणणार नाही. पूर्वी गुणवत्ता यादी नोटीस बोर्डावर लागायची, बँकेचं तीन भागांचं चलन असायचं आणि ज्याच्याकडे पैसे नसत तो अर्ज घेऊन खिडकीशी उभा राहायचा. प्राचार्यांनी अर्जावर 'दोन हप्त्यांत मंजूर' असा शेरा मारला की आम्ही हमीपत्र लिहून घ्यायचो आणि नाव पटावर चढवायचो. यात पुष्कळ मुलं तरली, मी स्वतः लिहून घेतलेली हमीपत्रं डोळ्यांपुढे आहेत; पैसे बुडवणारे फार थोडे निघाले. पण त्याच खिडकीशी संचालकांची चिठ्ठी घेऊन येणारेही असत. त्यांना न मागता मुदत मिळायची, आणि लांबच्या खेड्यातला मुलगा अर्ज करायचा असतो हेच माहीत नसल्यामुळे निघून जायचा. ऑनलाइन प्रक्रियेने ती चिठ्ठी बंद केली. हे मोठं काम आहे आणि मला ते परत उलटं फिरवायचं नाही. फक्त चिठ्ठीबरोबर अर्जही बंद झाला. नियमाने मुदत मागायची सोयच उरली नाही.

'एकासाठी थांबायचं, तर वेटिंगवरच्या मुलाने काय करायचं?' असं मला माझ्याच सहकाऱ्यांनी विचारलं आहे. प्रश्न खरा आहे. तोही कुणाचा तरी मुलगा आहे आणि तोही पोर्टल उघडून बसलेला आहे. मुदत असलीच पाहिजे. पण दोन गोष्टी मला दिसतात. एक म्हणजे जास्तीची जागा ही काही न ऐकलेली गोष्ट नाही. फी माफीच्या टीएफडब्ल्यूएस योजनेतल्या पाच टक्के जागा मंजूर क्षमतेच्या वरच असतात. म्हणजे चांगल्या कारणासाठी वर्गात आणखी एक बाक टाकता येतो हे आपण मान्य केलेलं आहे. दुसरी म्हणजे कागदासाठी आपण थांबतो. जातवैधतेचा निकाल आलेला नसेल तर अर्ज केल्याची पावती दाखवून प्रवेश घ्यायची आणि प्रमाणपत्र नंतर आणून द्यायची मुभा शासनाने वेळोवेळी दिली आहे, आणि योग्य केलं आहे, कारण समितीचा उशीर हा मुलाचा दोष नसतो. मग बाजारात मिळणाऱ्या पैशाचा, तारणाचा, बँकेच्या रांगेचा उशीर हा मुलाचा दोष कसा?

आणि पैसा उलट दिशेने यायचा असतो तेव्हा किती थांबावं लागतं, हे फी विभागात बसलेल्या कुणालाही विचारा. महाडीबीटी या शासनाच्या पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज मंजूर होऊन हप्ता खात्यात येईपर्यंत कधीकधी वर्ष सरत आलेलं असतं. प्रवेश रद्द केलेल्या मुलांना फी परत द्यावी, असं यूजीसी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग, दरवर्षी बजावते. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत रद्द केल्यास पूर्ण फी परत, असं सांगितलं होतं. तरी धनादेश निघेपर्यंत पालकांच्या फेऱ्या चुकत नाहीत. शासन आणि संस्था यांचा उशीर महिन्यांनी मोजला तरी चालतो. मुलाचा मिनिटांनी मोजला जातो. मी या दोन्ही रजिस्टरांवर सह्या केल्या आहेत, म्हणून हे मला फार लागतं.

पुण्याला हे कळायला जड जाऊ नये. याच शहरात भिडे वाड्यात १८४८ मध्ये मुलींची शाळा निघाली. इथे वार लावून जेवणारे, माधुकरी मागून शिकणारे विद्यार्थी घराघरांनी पोसले. १९५५ मध्ये अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती काढली, ती खेड्यातून आलेल्या मुलांना राहण्या-जेवण्याची ददात पडू नये म्हणून. हुशार मूल पैशावाचून अडू नये, ही इथली जुनी कळकळ आहे. पण आता वार लावून जेवू घालण्याने ही अडचण सुटत नाही. ती पोर्टलच्या आत आहे, तिथेच सोडवावी लागेल.

माझी मागणी छोटी आहे आणि ती मी ही प्रवेश प्रक्रिया राबवणाऱ्या राज्याच्या सीईटी कक्षाला लेखी पाठवली आहे. फी भरायच्या पानावर एक चौकोन असावा: 'रक्कम जमवण्यासाठी मुदत हवी.' ज्याचा उत्पन्नाचा दाखला आधीच अपलोड होऊन तपासला गेला आहे, त्यालाच तो दिसावा, म्हणजे कुणाची चिठ्ठी लागणार नाही आणि नवा कागद जोडावा लागणार नाही. आज आपण तो दाखला सवलत ठरवण्यासाठी वाचतो. हे घर वर्षाला इतकेच कमावतं, असं तहसीलदारांनी लिहून दिलेलं शासनाच्या कॉम्प्युटरमध्ये असतं, आणि तोच कॉम्प्युटर त्या घराकडून इतरांइतक्याच तासांत एकरकमी पैशांची अपेक्षा करतो. चौकोनावर टिचकी मारली की कामकाजाचे तीन दिवस जागा त्या मुलाच्या नावावर राहावी, यादीत 'फी प्रलंबित' दिसावं. तीन दिवसांत पैसे आले नाहीत तर जागा पुढच्या राऊंडला जावी. राऊंडचं वेळापत्रक आखताना हे तीन दिवस आधीच धरून ठेवावेत. हजर होण्याच्या मुदतीत सुटी आली तर तेवढा दिवस आपोआप वाढावा. आणि काउंटरवरच्या माणसाला, पैसे समोर आहेत पण भरता येत नाहीत, अशी नोंद करायचा अधिकार असावा. आज त्याला 'हजर नाही' याखेरीज दुसरं काही लिहिता येत नाही, तेव्हा मुलगा आणि बाप त्याच्यासमोर उभे असतात.

त्या मुलाला तीन दिवस लागलेही नसते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बासष्ट हजार माझ्या खात्यात भरले असते आणि मी ते ऑफिसला जायच्या आत कॉलेजला पाठवले असते.